मैदानाच्या मधोमध

मार्क-विव्हिएन फोए हे नाव मोबाइलवर टाकलं की आधी त्याचं पडणं दिसतं. २६ जून २००३, फ्रान्समधलं ल्यों शहर, कॉन्फेडरेशन्स कपची उपांत्य फेरी, कॅमेरून विरुद्ध कोलंबिया. बहात्तराव्या मिनिटाला मैदानाच्या मधल्या वर्तुळात तो एकटाच कोसळतो. कोणाचा धक्का नाही, पायात पाय नाही. जुन्नर, मंचर, घोडेगावातल्या फुटबॉलवेड्या पोरांनीही ती चित्रफीत पाहिलेली असते. पण हा माणूस खेळायचा कसा, असं विचारलं की ती गप्प होतात. अठ्ठावीस वर्षं जगलेल्या आणि त्यातली दहा वर्षं मोठ्या मैदानांवर काढलेल्या खेळाडूचं शेवटचं अर्धं मिनिट तेवढं लोकांपाशी उरावं, याचं मला फार वाईट वाटतं. या पुस्तकाच्या लेखकांनाही तेच खुपलं आणि त्यांनी लिहायला घेतलं.

लेखक आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका शाळेत खेळ शिकवतात. मी याच पट्ट्यात डॉक्टर आहे. हृदयविकाराचं प्रकरण तेवढं तपासून द्या, असं त्यांनी मला सांगितलं होतं. त्यासाठी बाड हातात घेतलं, पहिल्या पानापासून वाचत गेलो आणि माझं प्रकरण यायच्या आधीच पुस्तकात गुंतलो. प्रस्तावना लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच.

कॅमेरूनच्या खेळाडूचं चरित्र कुकडी-घोडच्या खोऱ्यात कशासाठी, असं कोणी विचारेल. आपला मुलूख कबड्डीचा, यात्रेतल्या कुस्त्यांचा आणि बैलगाडा शर्यतींच्या घाटांचा. फुटबॉल इकडे उशिरा आला, तोही बराचसा टीव्हीवरून. कोल्हापुरात तालमी-तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर अख्ख्या पेठा लोटतात. तशी परंपरा आपल्याकडे नाही. पण गेल्या काही वर्षांत आश्रमशाळांच्या आणि माध्यमिक शाळांच्या मैदानांवर मुलं आणि मुली फुटबॉल खेळताना दिसतात. डोंगर चढून-उतरून वाढलेल्या या पोरांचा दम मोठा असतो. बहुतेकांना गोल करणारा व्हायचं असतं. मधल्या फळीत खेळ म्हटलं की तोंड पडतं, असं लेखक सांगतात. फोएची गोष्ट मुळात या तोंड पडलेल्या मुलांसाठी लिहिली आहे.

मधल्या फळीतला खेळाडू करतो तरी काय? आपल्याकडे कांद्याला पाणी भरताना दारं धरायला एक माणूस लागतो. एक वाफा भरला की त्याचं दार मातीनं बुजवायचं, पुढच्याचं खोऱ्यानं फोडायचं, पाट कुठं फुटला तर धावायचं, आणि हे वीज असेल तोवर, बहुधा रात्रीचं. पीक बाजारात गेल्यावर या माणसाचं नाव निघत नाही. पण एक दार चुकलं तर अर्धं वावर कोरडं राहतं आणि अर्ध्यात चिखल होतो. फोए हे काम करत होता. समोरच्याची चाल आपल्या गोलपर्यंत पोचायच्या आत अडवायची, चेंडू काढून घ्यायचा, मान वर करून कोण मोकळा आहे ते पाहायचं आणि त्याच्या पायात द्यायचा. मग पुन्हा मागं यायचं. नव्वद मिनिटांत हे पन्नास-साठ वेळा झालं तरी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यावर ओळ येत नाही.

त्याचा जन्म १ मे १९७५ चा, कॅमेरूनची राजधानी याउंदे, तिथला. कॅनन याउंदे हा तिथला नावाजलेला क्लब, त्याच्याकडून तो खेळू लागला. १९९४ च्या अमेरिकेतल्या विश्वचषकात तो कॅमेरूनच्या संघात होता, तेव्हा वय एकोणीस. कॅमेरूनसाठी ती स्पर्धा वाईट गेली. रशियानं सहा गोल घातले. पण या उंच, शांत पोराकडे युरोपच्या लोकांचं लक्ष गेलं आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या लांस क्लबनं त्याला बोलावलं.

लांसबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुस्तकातला माझा आवडता भाग तोच आहे. उत्तर फ्रान्समधलं हे कोळशाच्या खाणींचं गाव. १९९० च्या अखेरीस त्या भागातली शेवटची खाण बंद झाली. पोटापाण्याचं साधन गेलं, माणसं मात्र तिथंच राहिली, आणि शनिवारी-रविवारी फुटबॉलच्या मैदानावर जमत राहिली. अशा गावात आफ्रिकेतून आलेला मुलगा चार-साडेचार वर्षं राहिला आणि गावाचा झाला. १९९८ साली लांसनं फ्रान्सची लीग जिंकली. मेट्झ आणि लांस, दोघांचे गुण सारखे, ६८. गोलफरकावर लांस वर आलं. त्या क्लबचं लीगचं तेवढं एकच विजेतेपद आहे. फोए त्या संघाच्या मधोमध होता. आज लांसच्या स्टेडियमजवळच्या रस्त्याला त्याचं नाव आहे. खाणकामगारांच्या गावानं दिलेल्या या मानापुढे मला मोठमोठ्या ढाली फिक्या वाटतात.

त्याच १९९८ साली त्याच्यावर आघातही झाला. मँचेस्टर युनायटेडकडे जाण्याची बोलणी चालू होती आणि फ्रान्समध्येच होणारा विश्वचषक तोंडावर आला होता. सरावात त्याचा पाय मोडला. विश्वचषक गेला, युनायटेडही गेलं. तेविसाव्या वर्षी पाय मोडलेला खेळाडू बहुतेकदा मनानं खचतो. हा परत उभा राहिला आणि जानेवारी १९९९ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅमनं त्याला बेचाळीस लाख पौंडांना घेतलं. तोवर त्या क्लबनं कोणाही खेळाडूसाठी इतके पैसे मोजले नव्हते. तिथला काळ बेताचाच गेला, त्यावर पुस्तकातही दोनच पानं आहेत आणि ती पुरेशी आहेत.

२००० साली तो ल्योंला आला. तिथं मलेरियानं त्याला गाठलं आणि बरेच दिवस मैदानाबाहेर ठेवलं. हिवतापानं अंगातली ताकद कशी जाते, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. तो त्यातूनही उठला. २००१ मध्ये ल्योंनं फ्रान्सचा लीग कप जिंकला. २००२ मध्ये लीग जिंकली, तीही शेवटच्या दिवशी. त्या दिवशी एका गुणानं पुढं होतं लांस, आणि ल्योंनं त्याच लांसला ३-१ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. ल्यों पुढं सलग सात वर्षं फ्रान्सचं विजेतं राहिलं. त्या साखळीची पहिली कडी जोडणाऱ्यांत फोए होता, हे आता कोणाच्या फारसं लक्षात नाही.

देशासाठी तो ६४ सामने खेळला. आफ्रिका चषक दोनदा जिंकला. २००० मध्ये लागोसला नायजेरियाविरुद्ध आणि २००२ मध्ये बामाकोला सेनेगलविरुद्ध, दोन्ही अंतिम सामने पेनल्टींवर सुटले. २००२ चा विश्वचषकही तो खेळला. म्हणजे १९९८ मध्ये हातातून गेलेलं त्यानं चार वर्षांनी परत मिळवलं.

शेवटचा हंगाम मँचेस्टर सिटीचा. ल्योंनं त्याला वर्षभरासाठी उसना दिला होता. केव्हिन कीगन तिथं प्रशिक्षक होते आणि संघ नुकताच वरच्या श्रेणीत आला होता. ३५ लीग सामन्यांत फोएनं ९ गोल केले. मधल्या फळीत मागं राहून खेळणाऱ्यासाठी हा आकडा मोठा आहे. अडवणारा म्हणून ओळखला जाणारा हा खेळाडू सत्ताविशीत उशिरा धावत पुढं येऊन गोल करायला शिकला होता. माझ्या मते हीच या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. तो उतरणीला लागलेला नव्हता, त्याचा खेळ अजून वाढत होता. त्या वर्षी सिटीचा संघ आपलं जुनं मैदान, मेन रोड, सोडून नव्या मैदानावर जाणार होता. १९२३ पासून तिथं खेळ चालला होता. २१ एप्रिल २००३ ला संडरलँडविरुद्ध सिटीनं ३-० असा सामना जिंकला, त्यात दोन गोल फोएचे. त्यानंतर मेन रोडवर सिटीकडून एकही गोल झाला नाही. ऐंशी वर्षांच्या मैदानावरचा यजमानांचा शेवटचा गोल त्याच्या नावावर कायमचा आहे. सिटीनं त्याचा २३ क्रमांक पुढं कोणाला दिला नाही.

एवढं वाचून झाल्यावर मग त्या जूनच्या दिवसाकडे यावं. ब्राझीलला आणि तुर्कस्तानला १-० असं हरवून कॅमेरूननं उपांत्य फेरी गाठली होती. फोए दोन्ही सामने खेळला होता. मधे त्याचं पोट बिघडलं आणि अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात त्याला विश्रांती दिली गेली. कोलंबियाविरुद्ध तो परत उतरला. ल्योंचं जेर्लां मैदान म्हणजे त्याचं घरचंच मैदान. कॅमेरून एका गोलनं पुढं होतं. तो पडला तेव्हा खेळाडूंनी हात वर करून मदत मागवली, त्याला बाहेर नेलं आणि पाऊण तास हृदय पुन्हा चालू करण्याची खटपट चालली. ते चालू झालं नाही. तीन दिवसांनी पॅरिसला अंतिम सामना झाला. दोन्ही कर्णधार, फ्रान्सचा देसाई आणि कॅमेरूनचा सोंग, त्याचा मोठा फोटो हातात धरून उभे होते. थिएरी आँरीच्या गोलनं फ्रान्स जिंकलं. स्पर्धेतला तिसरा उत्कृष्ट खेळाडू म्हणून फोएला मरणोत्तर पुरस्कार मिळाला.

पहिल्या शवविच्छेदनात ठाम कारण सापडलं नाही. दुसऱ्यात सापडलं. त्याच्या हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे जाड झाला होता. याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतात. साधारण पाचशेत एकाला हा दोष असतो. त्यातली बहुतेक माणसं पूर्ण आयुष्य जगतात, कित्येकांना तो आहे हे कळतही नाही. थोड्या जणांच्या बाबतीत जोराच्या श्रमात हृदयातली विजेची लय बिघडते, हृदय आकुंचन पावायचं सोडून नुसतं थरथरतं आणि रक्त पुढं ढकललं जात नाही. हा हार्ट अटॅक नव्हे. हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते, माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छाती धरून बसतो. इथं माणूस काही सेकंदांत जमिनीवर येतो.

इथं लेखकांशी माझा एक मतभेद आहे. आजारातून उठलेल्या खेळाडूला उतरवलंच कशाला, असा त्यांचा रोख प्रशिक्षक विनफ्रीड शेफर यांच्यावर आहे. जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी झालं की या विकारात धोका वाढतो, हे खरं. पण हा विकार आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. शिवाय खेळाडू आपण होऊन मागं सरत नाही. आपल्याकडचा कबड्डीपटू ताप अंगात असताना चढाईला जातो आणि विचारलं तर काही नाही म्हणतो. त्याला थांबवायचं तर कागदावर काहीतरी हवं, हृदयाचा आलेख हवा. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा असा आलेख काढण्याची सक्ती आहे आणि त्यानंतर तिथल्या तरुण खेळाडूंचे अचानक होणारे मृत्यू बरेच घटले. फोए गेल्यावर फिफानंही २००६ च्या विश्वचषकापासून स्पर्धेपूर्वी हृदयाची तपासणी सुरू केली.

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. धेंपो स्पोर्ट्स क्लबचा ब्राझीलहून आलेला क्रिस्तियानो ज्युनियर हा आघाडीचा खेळाडू होता, मधल्या फळीतला नव्हे. आदल्या वर्षी ईस्ट बंगालकडून खेळून त्यानं कोलकाता गाजवलं होतं, मग तो धेंपोकडे आला. ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. धेंपो २-० असं जिंकलं, दोन्ही गोल त्याचे. दुसरा गोल करताना त्याची गोलरक्षकाशी धडक झाली, तो पडला आणि उठला नाही. वय पंचवीस. मैदानावर पुरेशी वैद्यकीय मदत नव्हती यावरून नंतर देशभर टीका झाली. धेंपोनं त्याचा १० क्रमांक बाजूला ठेवला आणि तो हंगाम संपताना राष्ट्रीय लीग जिंकली.

टीका झाली, पण फरक किती पडला? २०१२ च्या मार्चमधल्या दोन तारखा लेखकांनी शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत आणि त्या वाचताना माझा घसा दाटून आला. १७ मार्चला लंडनमध्ये बोल्टनचा मधल्या फळीतला खेळाडू फॅब्रिस मुआम्बा सामना चालू असताना कोसळला. डॉक्टर धावले, प्रेक्षकांत बसलेला एक हृदयरोगतज्ज्ञ कठडा ओलांडून आला, जागेवर छाती दाबायला आणि विजेचे झटके द्यायला सुरुवात झाली. ७८ मिनिटं त्याचं हृदय स्वतःहून चाललं नाही, तरी तो जगला. चार दिवसांनी, २१ मार्चला, बंगळुरूत स्थानिक लीगच्या सामन्यात डी. वेंकटेश हा सत्तावीस वर्षांचा खेळाडू तसाच कोसळला. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. त्याला रिक्षात घालून नेलं. तो वाचला नाही.

आणि १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियान एरिक्सन, तोही मधल्या फळीतलाच. कर्णधार सिमॉन केअर आणि बाकीचे साथीदार भोवती कडं करून उभे राहिले, आत छाती दाबणं चालू होतं, विजेचा झटका दिला गेला आणि तो शुद्धीवर आला. छातीत यंत्र बसवून आठ महिन्यांनी तो मैदानात परतला. २०२४ च्या युरो स्पर्धेत त्यानं गोलही केला. फोए आणि एरिक्सन यांच्यातला फरक नशिबावर टाकून मोकळं होता येईल, पण तो सगळा नशिबाचा नाही. मधल्या अठरा वर्षांत मैदानाच्या कडेला काय ठेवायचं आणि पहिल्या मिनिटाला कोणी काय करायचं, हे तिकडं ठरून गेलं होतं.

आता आपल्याकडचं सांगतो. शर्यतीत किंवा सामन्यात पोरगा पडला की पहिला शब्द येतो, ऊन लागलं. दुसरा, उपाशी असेल. आणि हातापायांना झटके आले तर सगळे एकमुखानं म्हणतात, फिट आली. मग कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी मुठीत किल्ली कोंबतो. हृदय थांबल्यावर मेंदूला रक्त मिळेनासं होतं आणि पहिल्या काही सेकंदांत हातपाय झटकले जाऊ शकतात, ते फिटसारखंच दिसतं. तोंडानं अधूनमधून घरघर होते, ती श्वास चालू असल्यासारखी वाटते. श्वास चाललाय म्हणून लोक थांबतात, आणि विजेच्या झटक्याविना जाणारं दर मिनिट जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं. आहुप्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावातून मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात यायला गाडीनंही दोन तासांच्या आसपास लागतात. १०८ ची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी ती रस्त्यावरूनच येणार. पहिली दहा मिनिटं तिथं उभ्या असलेल्या माणसांच्याच हातात असतात.

ते हात काय करू शकतात? पडलेल्याचे खांदे हलवून हाक मारायची. ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, असं दिसलं की एकानं १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्यानं गुडघ्यावर बसायचं. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, आणि अंगाचा भार टाकून दाबायचं. मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर खाली जायला हवी. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत दाबणारा दमतो, म्हणून दुसरा तयार ठेवायचा. बरगडी मोडेल या भीतीनं लोक हळू दाबतात. मोडली तर जुळते, दाबायचं थांबवू नये. विजेचा झटका देणारं एईडी यंत्र बोलून सूचना देतं, शाळेतला मुलगाही ते वापरू शकतो. तालुक्याच्या मोठ्या स्पर्धांत, यात्रेच्या आखाड्यात, बैलगाड्याच्या घाटात मंडपावर आणि बक्षिसांवर होणारा खर्च मी पाहतो. त्यातून एक यंत्र सहज निघेल, आणि ते दोन-चार गावांत फिरवता येईल.

पालकांसाठीही एक सांगणं आहे. धावताना, म्हणजे धावून झाल्यावर नव्हे तर ऐन धावण्यात, मूल बेशुद्ध पडलं असेल, श्रमात छातीत दुखत असेल किंवा घराण्यात कोणी ऐन तरुणपणी अचानक गेलं असेल, तर त्या मुलाचा हृदयाचा आलेख एकदा काढून घ्या. खेळ बंद करायला सांगण्याची वेळ फार थोड्यांवर येते.

आंबेगावच्या एका शिक्षकानं शाळा सुटल्यावरच्या वेळात बसून हे लिहिलं, त्यात कुठं एखाद्या सामन्याचं वर्णन लांबलं आहे, कुठं नावांची गर्दी झाली आहे. मला ती लांबण आवडली. फोएचा एकेक पास कोणीतरी इतक्या मन लावून पाहिला, हेच मुळात या खेळाडूच्या वाट्याला कमी आलं होतं. फुटबॉलची ओळख नसलेल्यांनी सुरुवात मँचेस्टरच्या प्रकरणापासून करावी, मग लांसकडे मागं जावं. शेवटच्या चार पानांवर छाती दाबण्याची कृती चित्रांसह दिली आहे. ती पानं एका बाजूलाच छापली आहेत, म्हणजे कापून शाळेच्या किंवा तालमीच्या भिंतीवर लावता येतील. ज्यांना पुस्तक कापायचं जिवावर येईल, त्यांनी लेखकांकडे सुटी पानं मागावीत. ती त्यांनी वेगळी छापून ठेवली आहेत आणि त्यांचे पैसे घेत नाहीत.

— नारायणगाव, ता. जुन्नर